विषय : चमचाभर गाळ मिळणेबाबत

शहागडच्या अर्जदाराने सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी ठरवून टाकावी. आपण काही मागत नाही, परत मागतो आहोत.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, गोदावरीच्या ऐन काठाला आहे. पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. इथे गोदावरीला गोदावरी म्हणतात ते सरकारी कागदावर. बोलताना ती गंगा, आणि तिच्या दोन्ही अंगांचा मुलूख गंगथडी. या गंगथडीची काळी माती पावसाळ्यात ओढ्यानाल्यांतून गंगेत उतरते आणि नांदेड, राजमहेंद्री करत धवळेश्वरमच्या पुढे बंगालच्या उपसागरात जाते. आता वाटेत बंधारे आणि धरणे झाल्यामुळे बरीचशी माती मधेच अडते, पण हजारो वर्षे वाट मोकळी होती. त्या काळात किती माती गेली, याची पावती कोणीही फाडलेली नाही.

पुरावा मात्र आहे, आणि तो २००६ साली वर आला. त्या वर्षी एप्रिल ते ऑगस्ट या काळात ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ नावाचे खोदकामाचे जहाज भारताच्या समुद्रात फिरत होते. मोहीम भारत सरकारची, राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाची पहिली; पुढाकार हायड्रोकार्बन महासंचालनालयाचा. समुद्रतळाखाली थंडी आणि दाब यांमुळे बर्फासारखा गोठलेला मिथेन शोधणे हे काम होते. २१ ठिकाणी ३९ भोके पाडली गेली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर, १२६८ मीटर पाण्याखालच्या एका भोकाला ‘१६-ए’ असे नाव पडले. गेले गॅस शोधायला. पण या भोकाच्या वरच्या साडेआठ मीटरांत जे निघाले, तो गोदावरीचा सुमारे अकरा हजार वर्षांचा जमाखर्च होता.

त्या साडेआठ मीटरांवर अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेतले कॅमिलो पोंटन, लिव्हियू जोसान आणि सहकाऱ्यांनी काम केले. २०१२ साली त्यांचा एक निबंध आला, २०१७ साली दुसरा. अर्जदाराने हे दोन्ही वाचल्याशिवाय अर्जाला हात लावू नये. आपल्याकडे वाचण्याआधी अर्ज करण्याची पद्धत आहे, हे मान्य. पण हे खाते वेगळे आहे.

निबंधांत मुख्य साक्षीदार दोन. पहिला साक्षीदार म्हणजे झाडापानांवरचा मेणाचा पातळ थर. पान कुजते, मेण टिकते, मातीबरोबर वाहत समुद्रात जाते. त्या मेणातल्या कार्बनवरून खोऱ्यात तेव्हा ओलाव्यातली झाडी जास्त होती की कोरड्यात तगणारी गवते, ते कळते. उत्तर असे निघाले, की सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून खोरे कोरडे होत गेले आणि सुमारे सतराशे वर्षांपूर्वी त्यात आणखी एक ठळक टप्पा आला. मराठवाड्यात हा निष्कर्ष वाचून कोणी दचकेल असे नाही. दुसरा साक्षीदार निओडिमियम हे मूलद्रव्य. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. खालच्या खोऱ्यात बराचसा त्याहून कितीतरी म्हातारा खडक. दोन्हींतल्या निओडिमियमच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते, म्हणून गाळ कुणीकडचा ते ओळखता येते. अलीकडच्या काही हजार वर्षांच्या थरांत दख्खनच्या बेसाल्टी मातीचा वाटा वाढलेला दिसतो.

इथे उत्साही अर्जदार हमखास चुकतो. निओडिमियम दख्खन ओळखते, गट नंबर ओळखत नाही. शहागडची माती कुठली आणि पलीकडच्या गेवराईची कुठली, हे समुद्राच्या तळाशी ठरणार नाही. बांधाचे भांडण तिथवर नेऊ नये.

आता अर्ज कुठे करायचा? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. १६-एचा गाळ सरकारी मोहिमेचा, त्यामुळे त्याची विनंती देशातल्याच सरकारी दारात करावी लागणार. त्या दारांचा अनुभव वाचकांना आहेच, तो इथे शिकवण्याची गरज नाही. मात्र शास्त्रात एकट्या गाळाला कोणी विचारत नाही. तुलनेला शेजारचा लागतो. शेजार महानदीचा. तिच्या मुखासमोर ‘जॉइडीस रेझोल्यूशन’नेच २०१४ च्या नोव्हेंबरपासून जानेवारी २०१५ पर्यंत मोहीम क्रमांक ३५३ काढली, ती खास मान्सूनचा इतिहास खणण्यासाठी. ही मोहीम आंतरराष्ट्रीय समुद्रतळ खोदकाम कार्यक्रमाची. या कार्यक्रमाची जगात तीन कोठारे आहेत : जर्मनीत ब्रेमेन, अमेरिकेत टेक्सासातले कॉलेज स्टेशन आणि जपानात कोची. अटलांटिकचा गाळ ब्रेमेनला, पॅसिफिकचा बराच भाग टेक्सासला, हिंदी महासागराचा कोचीला. हे कोची शिकोकू बेटावरचे आहे, केरळातले नव्हे. अर्जदाराने रेल्वेचे आरक्षण करण्यापूर्वी एवढी खातरजमा करावी.

कोठारात सुमारे चार अंश सेल्सियसच्या गारव्यात प्लॅस्टिकच्या लांब नळ्यांत गाळ झोपवून ठेवलेला असतो. समुद्रतळात साडेनऊ मीटर लांबीची नळी ठोकून गाळाचा दंड वर काढतात, त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे करतात आणि मग प्रत्येक तुकड्याची उभी वाटणी होते. एक अर्धा जपून ठेवायचा, दुसरा वापरायचा. जपायच्या अर्ध्याचे फोटो काढतात, त्याची चुंबकीय मोजणी करतात, पण त्याला चमचा लावत नाहीत. नमुना मिळतो तो वापरायच्या अर्ध्यातून. भाऊबंदकीत कोणता वाटा कोणाचा यावरून पिढ्या जातात. इथे वाटणी जहाजावरच, नळी वर आल्याच्या दिवशीच्या आसपास होऊन जाते आणि कोणी कोर्टात जात नाही.

यानंतर पत्ता. गाळाचा पत्ता असा लिहितात : ३५३-यू१४४६ए-३एच-२डब्ल्यू, ५०-५२ सेंटीमीटर. मोहीम ३५३, ठिकाण यू१४४६, तिथले पहिले भोक ए, त्यातली तिसरी नळी, ती पाण्याच्या दाबाने ठोकलेली म्हणून एच, तिचा दुसरा तुकडा, त्याचा वापरायचा अर्धा, आणि त्या तुकड्याच्या माथ्यापासून पन्नास ते बावन्न सेंटीमीटरचा टप्पा. ‘बस स्टँडच्या मागे, पाराजवळ’ या पत्त्यावर पत्र पोचते अशा गावच्या माणसाला हे थोडे जड जाईल. पण एक आकडा चुकला तर काही हजार वर्षांची गफलत होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. १६-एच्या साडेआठ मीटरांत अकरा हजार वर्षे धरली तर सरासरीने एका सेंटीमीटरला तेरा वर्षे येतात. तेवढ्यात गावाने चार-पाच तहसीलदार पाहिलेले असतात. शिवाय सरासरी ही सरासरीच. माती जोरात वाहू लागली की तेवढीच वर्षे जास्त जाड थरात पसरतात. म्हणून ‘सातवाहन काळातला गाळ द्यावा’ असे लिहून चालत नाही. वरच्या अंगाला पैठणला सातवाहनांची राजधानी होती, हे कोठाराच्या अधिकाऱ्याला माहीत असेलही. त्याला सेंटीमीटर हवे असतात.

मागणी किती करावी, हा मजकूर शहागडकरांनी शांतपणे, शक्यतो बसून वाचावा. नेहमीचा नमुना दहा घन सेंटीमीटरचा. म्हणजे पोह्याचे सोडा, चहाचे दोन चमचे. सूक्ष्म शंखजीव, म्हणजे फोरामिनिफेरा, वेचायचे असतील तर वीसपर्यंत मागता येतात, आणि त्याहून जास्त हवे असतील तर कारण पटवून द्यावे लागते. त्याहून बारीक जीवांसाठी दातकोरणीच्या टोकावर येईल तेवढा गाळ पुरतो. गोदापट्ट्यात वाळूचा हिशोब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे २८ लाख ३० हजार घन सेंटीमीटर. नदीपात्रातून रात्री निघणाऱ्या एका ब्रासमध्ये कोचीचे दोन लाख त्र्याऐंशी हजार नमुने बसले असते. त्या प्रत्येकासाठी स्वतंत्र पत्ता, कारण आणि जबाबदारी लिहून द्यायची ठरवली असती, तर गोदावरीचे पात्र आज काठोकाठ भरलेले असते. कायदा वाळूलाही आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन जप्तीही आहे. गाळाच्या कोठाराकडे असा दंड नाही आणि जप्तीचे ट्रॅक्टर उभे करायला आवारही नाही. तिथले नियम तरी पाळले जातात. कसे, याचा अभ्यास करायला जिल्हा परिषदेने एक शिष्टमंडळ शिकोकूला पाठवायला हरकत नाही.

अर्जाचा कणा म्हणजे ‘प्रयोजन’ हा रकाना. त्यात ‘आमच्या पूर्वजांची माती’ असे लिहू नये. ‘संशोधनाकरिता’ हेही पुरत नाही. कोठाराकडे सगळे त्याचकरता येतात. नेमका प्रश्न लिहावा लागतो, तो सोडवायला कोणती मोजणी करणार, ती कुठल्या प्रयोगशाळेत, आणि एवढाच गाळ का पुरेसा आहे, तेही लिहावे लागते. प्रश्न शोधायला मात्र शहागडकराला लांब जावे लागत नाही. २०१७ च्या निबंधाने एक उलटे वाटणारे विधान केले आहे : मान्सून कमजोर झाला तेव्हा दख्खनवरून माती कमी नव्हे, जास्त वाहिली. पाऊस कमी म्हणजे धूप कमी, असे कोणालाही वाटेल. पण पाऊस कमी झाला की झाडोरा विरळ होतो, जमीन उघडी पडते, आणि मग जे दोन-चार जोरदार पाऊस पडतात ते उघड्या जमिनीवर पडतात. त्यात पुढे शेती आली. प्रवरेकाठी दायमाबाद, नेवासे, घोडनदीकाठी इनामगाव इथल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहती मराठी वाचकाला पुरातत्त्वाच्या पुस्तकांतून ओळखीच्या आहेत. मग लोखंडाची अवजारे आली आणि नांगर जास्त जमिनीवर फिरू लागला. निबंध म्हणतो, की आधीच वाढलेली धूप शेतीने आणखी वाढवली. समुद्रात पोचलेला सेंद्रिय कार्बनही पूर्वीपेक्षा जुना निघू लागला, म्हणजे वरच्या ताज्या मातीबरोबर खालची मुरलेली मातीही निघाली.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. टँकर सगळ्यांनी मोजले. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात किती माती गेली, ते मोजायला कोणी बसले नव्हते. ‘दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसांत उघड्या रानातून होणारी धूप आणि गाळातील तिची खूण’ असा विषय अर्जदाराने लिहिला, तर शिकोकूचा अधिकारी चष्मा पुसून पुन्हा वाचेल. हा भाग अर्धाअधिक खरा सल्ला आहे. विनोद म्हणून सोडून देऊ नये.

ज्यांना प्रयोगशाळा नाही त्यांनीही नाराज होऊ नये. नियमांत शिक्षक, संग्रहालये आणि लोकशिक्षण यांनाही जागा आहे. शाळेच्या मास्तरांनी प्रदर्शनासाठी गाळ मागितला तर तो विचारात घेतला जातो. फोटो आणि बरीचशी मोजणी तर मोफत, उघडी आणि विनाअर्ज मिळते. अर्ज न करता मिळते म्हणून तिच्यावर अविश्वास दाखवू नये.

अर्ज गेल्यावर पुढे काय? मोहीम संपल्यावर साधारण वर्षभर जहाजावरच्या शास्त्रज्ञांचा पहिला हक्क असतो, त्या काळात बाहेरच्याने रांगेत यायचे नाही. मोहीम ३५३ चा तो काळ केव्हाच संपला, त्यामुळे आता निर्णय कोठारप्रमुखाचा. नकार आला तर वर सल्लागार मंडळाकडे दाद मागता येते. तहसीलदार, मग प्रांत, अशा पायऱ्या चढलेल्या माणसाला ही वाट अनोळखी वाटणार नाही. फक्त ओळखीचा माणूस शोधत बसू नये, आणि अर्जाबरोबर आमदारांचे शिफारसपत्र तर मुळीच जोडू नये. एखादा टप्पा फार महत्त्वाचा असेल आणि गाळ थोडाच उरला असेल, तर तो आणखी काटेकोरपणे वाटतात. २०२४ साली ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ने या कार्यक्रमातले काम थांबवले, तेव्हा त्याने आणलेला साठा आहे तेवढाच आहे.

गाळाची किंमत घेत नाहीत. किंमत नंतर मोजावी लागते. नमुना मिळाला की सुमारे ३६ महिन्यांत काहीतरी छापून दाखवावे लागते, किंवा का छापले नाही याचा अहवाल द्यावा लागतो. निबंधात कार्यक्रमाचे नाव घ्यावे लागते. उरलेला गाळ परत करावा लागतो. एक चमचा गाळ नेऊन अर्धा परत पाठवणारा माणूस शहागडच्या पोस्टात पहिल्यांदाच उभा राहील, तेव्हा पार्सलच्या आत काय आहे या प्रश्नाचे उत्तर त्याने आधीच पाठ करून ठेवावे.

त्याहून अवघड प्रश्न पार्सल येताना पडतो. परदेशातून माती आणायची तर वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे परवाना लागतो. हा समुद्रतळाचा गाळ आहे, शेतातली माती नव्हे, तो हजारो वर्षे खाऱ्या पाण्याखाली होता, त्यात कुठल्या पिकाची कीड येणार नाही, असे कस्टमच्या काउंटरवर समजावून सांगण्याची तयारी अर्जदाराने ठेवावी. कोठाराचे पत्र आणि पत्त्याचा तक्ता सोबत असावा. कागदपत्रांत सातबाऱ्याची प्रत मात्र जोडू नये. मालकी दाखवायच्या भरात ती जोडली, तर ही माती असल्याची कबुली होते, आणि परवाना लागतो.