ही ती नव्हे

पाऊस सुरू झाला की पुण्यात भजीवाले आणि रानफूलवाले एकदमच फॉर्मात येतात. रानफूलवाल्याची ओळख करून द्यायला नको. खिशात भिंग, नजर जमिनीवर आणि तोंडी एकच वाक्य. कासच्या पठारावर लोक कवल्याच्या पिवळ्या गालिच्यासमोर सेल्फी काढतात, तेव्हा हा गुडघे टेकून एकाच फुलाखालची लव तपासतो आणि मान हलवतो: ‘ही ती नव्हे.’ गेंदाची पांढरी बटणं तुम्हाआम्हाला सारखीच. याला त्यांचं बी सूक्ष्मदर्शकाखाली घातल्याशिवाय चैन पडत नाही. लग्नातही नवरीची वेणी पाहून हा सांगणार, ‘ही जुई नव्हे, सायली.’

हे निव्वळ खूळ आहे, असा आक्षेप असतो. खूळ खरंच, पण स्वस्तातलं. इंग्लंडात स्नोड्रॉपच्या विशीतल्या मूळ जातींपासून हजारो वाण झाले, फरक बहुधा पाकळीवरच्या ठिपक्याचा. 2015 साली त्यातला एक कंद 1,390 पौंडांना गेला. आपल्या गड्याचे फक्त बूट झिजतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गुराख्याला लॅटिन नावावाचून काय अडतं? काही नाही. पण तो सरसकट ‘खरपुडी’ म्हणतो, त्यात कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती येतात, आणि त्यांतली एखादी संपली तरी खरपुडी शिल्लकच दिसते. वेगळी म्हणून ओळखलीच नाही, तर गेली हे कळणार कसं? शिंदळ माकुडी बघा. जुन्नरच्या डोंगरांतली ही कड्यावरची वनस्पती वेगळी आहे, हे 1865 साली वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलनं लिहून ठेवलं आणि मुंबईचे गव्हर्नर फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. पुढे ती जगातल्या अतिसंकटग्रस्त बारा वनस्पतींच्या यादीत गेली. तिचं खोड तोडून लावलं तरी रुजतं, म्हणून आज ती बागांतल्या कुंड्यांतही आहे. पण लावण्याआधी कुणाला तरी ‘ही ती नव्हे’ म्हणावं लागलंच. अलीकडे काही शास्त्रज्ञांनी तिला कंदीलपुष्पांच्याच गणगोतात ढकललंय. रानफूलवाल्याचा तो आठवडा कसा गेला असेल, याची कल्पना करावी.

नाव कळलं की चोर येतात, हेही खरं. म्हणून तर कुठे सापडली असं विचारलं, की एरवी तासभर बोलणारा हा माणूस ‘सह्याद्रीत’ एवढंच म्हणतो.

त्याची खरी पंचाईत पावसाळ्याच्या तोंडाशी होते. आपल्या टेकड्यांवर परदेशी गिरिपुष्प लावून झालं, तरी वृक्षारोपणवाल्यांना उरलेला प्रत्येक गवताळ माळ ‘मोकळा’च दिसतो. बॅनर, टिकाव, पुढारी, शाळेची मुलं, सगळे हजर असतात आणि खड्डे नेमके पहिल्या सरीची वाट बघणाऱ्या कंदांवर पडतात. हा कडेला उभा राहून सांगत असतो, ‘अहो, ही जागा मोकळी नव्हे.’

‘काका, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय.’