चमचाभर उरलंय

आमच्या घरी उद्या काय शिजणार हे आज रात्री साडेनऊला ठरतं, आणि ठरवणारी मी नसते. जेवणं आटोपतात, ताटं घासायला पडतात आणि ओट्यावरची पातेली आपापला हिशेब मांडतात. वरण अर्धी वाटी. भात एकाला जास्त, दोघांना कमी. पोळ्या पाच. दुधीची भाजी जवळजवळ सगळी, कारण ती दुधीची होती. झाला उद्याचा बेत. सकाळी जळगावहून नणंदेचा फोन येतो, "वहिनी, आज काय केलंय?" याचं खरं उत्तर "कालचंच, पण ओळखू येणार नाही असं" हे आहे. मी "थालीपीठं" म्हणून सांगते. तीही "वा!" म्हणते, कारण तिनेही थालीपीठंच केलेली असतात.

मुळात एवढं उरतं का, याचा छडा लावायला गेलं तर पहिला संशयित कुकर. आमचा कुकर पाच लिटरचा, घरात सात माणसं होती तेव्हाचा. दीर-जाऊ वेगळे राहायला गेले, सासरे गेले, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. कुकर मात्र पाच लिटरचाच राहिला. त्याच्या डब्यात तिघांपुरता भात लावला तर तो तळाशी इतका केविलवाणा दिसतो, की हात आपोआप आणखी थोडे तांदूळ घालतो. दुसरा संशयित म्हणजे सासूबाईंची मूठ. माणशी एक मूठ तांदूळ आणि वर एक मूठ आल्यागेल्याची, हा त्यांचा नियम. हल्ली आलंगेलं माणूस आधी दोन दिवस फोन करतं आणि "जेवूनच येतोय हं, अजिबात काही करू नका" असं बजावतं. त्यातून जेवायला थांबलंच, तर भात सोडलेला असतो. पण हे मुठीला कोण सांगणार?

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि अंदाजपंचे चाललेल्या किती तरी स्वयंपाकघरांना वाटी-चमच्याचं माप मिळालं. आमच्याकडेही त्याची हळदीचे डाग पडलेली प्रत आहे. आईंनी पुस्तक मान्य केलं. फक्त वाटी कुठली हे ठरवायचा अधिकार स्वतःकडे ठेवला. त्यांची वाटी म्हणजे माझे दीर लहानपणी जिच्यातून ताक प्यायचे ती. त्या वाटीनं 'चार जणांसाठी' म्हणून केलेली साबुदाण्याची खिचडी उपास सुटला तरी सुटत नाही.

पोळ्यांचं गणित तर माझ्याही हातात नाही. कणीक भिजवायच्या आधी मी रोज नवऱ्याला विचारते, "अहो, किती खाणार?" उत्तर येतं, "दोनच." हा आकडा भाजीचं नाव कळण्यापूर्वीचा असतो. भरली वांगी निघाली तर दोनाच्या चार होतात. दोडका निघाला तर "आज भूकच नाहीये गं" असं होतं आणि तासाभराने चिवड्याच्या डब्याचं झाकण वाजतं. मी आपली दरवेळी भरली वांगी धरूनच लाटते.

मग सुरू होतो उरलेल्याचा प्रवास, तोही उतरत्या भाजणीने. पातेल्यातून डब्यात, डब्यातून वाटीत, वाटीतून त्याहून छोट्या वाटीत. वाटीवर ताटली, ताटलीवर दुसरी वाटी, तिच्यावर अर्धं लिंबू पालथं. सकाळी दुधाची पिशवी काढायची तर आधी हा सगळा मनोरा ओट्यावर उतरवावा लागतो. त्यातल्या पिवळ्या वाटीत वरण असू शकतं, कढी असू शकते, आमरसही असू शकतो. नवऱ्याने एकदा ऐन मे महिन्यात गार, पातळ पिठलं रस समजून पोळीबरोबर वाढून घेतलं. तिसऱ्या घासाला म्हणाला, "हापूस नाही वाटतं."

एवढ्याशा वाटीत तो शेवटचा चमचा राहतो तरी का? कुणालाच भूक नसते म्हणून नाही. आमच्याकडे अलिखित नियम आहे : जो संपवेल त्याने भांडं विसळायचं. त्यामुळे प्रत्येक जण अतिशय उदार मनाने चमचाभर मागे ठेवून उठतो. तीन घासांची भाजी आमच्याकडे तीन दिवस पुरते. आईंचं कारण जरा वरच्या पातळीवरचं आहे. घरातलं अन्न 'संपलं' म्हणू नये, तांदूळ संपले तरी 'वाढले' म्हणावं, भांडं खडखडीत करू नये. विसळायचा नियम त्यांना लागू नाही, तरी चमचा त्याही ठेवतात.

बरं, सगळं उरलेलं काही असं उपेक्षित नसतं. लोणी कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी घ्या. तिच्यावर चिमूटभर साखर पडायचा अवकाश, बंगळुरूची मुलगी घरी असली तर पातेलंच पळवते. पिठल्याची खरवड, लोखंडी कढईला लागलेली वांग्याची भाजी पुसून घेत कालवलेला भात, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गरम भात ढवळून काढलेला खार, यांच्यावरून मोठी माणसं भांडतात. तेच पिठलं, तीच वांगी नीट वाटीत काढून, झाकून, फ्रीजमध्ये ठेवा. उद्या त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. भांड्याला चिकटलं तर प्रसाद, भांड्यातून काढलं तर शिळं!

तेव्हा त्याचं रूप पालटणं भागच असतं, आणि घरच्या रोजच्या स्वयंपाकातली खरी कारागिरी इथे सुरू होते. ताज्या भाजीला फोडणी कुणीही घालेल. कालच्या दुधीला आज लोकांनी मागून घ्यावं असं करायचं, तर अंगात कला हवी. थालीपीठाचा यात हात धरणारा कुणी नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे वेगवेगळे खमंग भाजून दळलेल्या त्या पिठाचा स्वभाव मोठा सोशीक. वरण घाला, दुधी घाला, काकडीची कोशिंबीर पाण्यासकट घाला, ते तक्रार करत नाही. कांदा, कोथिंबीर, तीळ घालायचे, तव्यावर थापायचं, मध्ये भोक पाडून तेल सोडायचं आणि वर लोण्याचा गोळा. काल नाक मुरडणारा माणूस आज तिसरं मागतो आणि वर विचारतो, "दुधी टाकून दिलास ना?" मी म्हणते, "हो, संपवला एकदाचा."

इडलीच्या पिठाचं वेळापत्रक तर छापून भिंतीवर लावावं इतकं पक्कं आहे. पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसे, तिसऱ्या दिवशी आंबटपणा झाकायला कांदा-मिरची घालून उत्तप्पे, आणि चौथ्या दिवशी जे पीठ खरवडून निघेल त्याचे आप्पे. शिळ्या पोळ्या हाताने कुस्करून मोहरी, मिरची, कांदा, हळद घातली की कुणाकडे फोडणीची पोळी होते, कुणाकडे कुस्करा, तर कुणाकडे चक्क माणिकमोती. मटकीची उसळ, कांदेपोहे, बटाट्याची भाजी आणि चिवड्याचा तळाचा चुरा एकाच दिवशी शिल्लक राहिले, तर त्या दिवशी आमच्याकडे मिसळ असते. फक्त कट नवा करायचा. तर्री अशी झणझणीत हवी, की खाणाऱ्याला खाली काय आहे याची चौकशी करायला सवडच मिळू नये.

फोडणीचा भात हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. हा पदार्थ आमच्याकडे इतका आवडता, की ताजा भात त्याच्या तयारीसाठी लावला जातो. शिजलेल्या भातातलं पिष्ट गारव्यात पुन्हा घट्ट होतं, शीत न् शीत मोकळं होतं, आणि मगच शेंगदाणे, कढीपत्ता, सांडगी मिरचीची फोडणी त्याला नीट लागते. गरम भाताला तीच फोडणी दिली की गिचका. म्हणजे शिळेपण घाईने आणता येत नाही, त्यासाठी रात्र जावी लागते. रविवारी फोडणीचा भात हवा असेल तर नवरा शनिवारी रात्री ताटातून मान वर न करता सांगतो, "भात जरा उरेल असा लाव."

या सगळ्यावर बंगळुरूहून देखरेख असते. "आई, भात बाहेर किती वेळ होता? अगं, भातात बॅसिलस सेरेअस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्याने एकदा विष तयार केलं की पुन्हा गरम करून ते जात नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकायचा." तिचं अगदी बरोबर आहे, म्हणून भाताच्या बाबतीत मी तिचं ऐकते. तिने डब्यांवर तारखा लिहायला चिकटपट्ट्याही आणून दिल्या. सासूबाईंची प्रयोगशाळा निराळी. त्या झाकण उघडतात, नाक जवळ नेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात : "चालेल", "आजच्या आज चालेल" किंवा "कढीपत्त्याच्या कुंडीत." नातीने एकदा व्हिडिओ कॉलवर समजावलं, "आजी, विषाला वास नसतो." आई म्हणाल्या, "मग तू लिही तारखा, मी घेते वास. दोघींकडून पास झालं तरच वाढूया." ही पद्धत आता घरात लागू आहे.

आईंची बाजू धर्मानेही उचलून धरली आहे. श्रावण शुद्ध सप्तमीला, शिळासप्तमीला, चूल पेटवायचीच नाही. आदल्या दिवशी रांधलेलं गार खायचं आणि चुलीची पूजा करायची. गॅसच्या शेगडीला हळदकुंकू वाहून आई त्या दिवशी मला म्हणतात, "बस गं आज जरा." शिळं खाण्याला अख्खी तिथी देणारे आपण, माल संपवण्यालाही देतो. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद करायची, तर आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी : कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, लसणाची चटणी, भरीत. टोपलीतला साठा घरच्यांच्या पोटात सुखरूप पोचवला की मग व्रत. आमच्याकडे कांदेनवमी होते, व्रताचं मात्र राहून जातं. जळगावच्या नणंदेला तर तिथीबिथी लागतच नाही. तिच्या सासरी भरीत रात्री करतात आणि खरं भरीत म्हणजे ते सकाळी कळण्याच्या भाकरीबरोबर गार खाल्लेलं, यावर तिथे दुमत नाही.

पूर्वी उरलेलं अन्न घराबाहेर जायला वाटा होत्या. दारात गाय यायची, माधुकरी मागणारी मुलं यायची. आता आमच्या तिसऱ्या मजल्यावर गाय येत नाही. राहता राहिल्या भांडी घासायला येणाऱ्या मावशी. मी एकदा मोठ्या प्रेमाने म्हटलं, "मावशी, थोडी दुधीची भाजी नेता का?" त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "नको ताई, माझ्याकडेच पडवळ उरलंय. तुम्हाला आणू का?" तेव्हापासून आमच्यात अन्न हा विषय निघत नाही.

मध्यंतरी भाच्याच्या लग्नाला म्हणून आम्ही तिघं आठवडाभर गावी गेलो. निघण्याआधी मी निश्चय केला की फ्रीज पूर्ण रिकामा करायचा. वाट्या संपवल्या, विसळल्या, फळीवर पालथ्या मांडल्या. फ्रीज बंद करून, दार उघडं ठेवून निघालो. परत आलो ते संध्याकाळी. हातपाय धुतले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. घरात तांदूळ होते, डाळ होती, पीठ होतं, कांदे-बटाटे होते. काय करावं हे काही केल्या सुचेना. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसं कालचं काही असल्याशिवाय आमचं आज लागत नाही, हे त्या संध्याकाळी लख्ख कळलं. मी बाहेर येऊन विचारलं, "आज काय करू?"

एवढा साधा प्रश्न, पण आमच्या घरात तो कैक वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. नवरा म्हणाला, "काहीही कर." मी म्हटलं, "काहीही म्हणजे काय ते सांगा." तो म्हणाला, "हलकंसं." आई म्हणाल्या, "खिचडी टाक." नवरा म्हणाला, "खिचडी म्हणजे आजारी असल्यासारखं वाटतं." मी पिठलं सुचवलं, आईंना प्रवासानंतर बेसन नको होतं. उपमा म्हटला तर तो रात्रीचा कोण खातो. धिरडी म्हटली तर तव्याजवळ मी किती वेळ उभी राहणार, अशी दोघांनी माझी काळजी केली आणि हवीत की नकोत ते सांगितलं नाही. साडेआठ वाजले. शेवटी नवऱ्याने मोबाइल काढला आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पनीरची भाजी, रोट्या आणि जिरा राइस मागवला.

जेवण ठीक होतं. पनीरचे तुकडे मोजके आणि रस्सा अथांग, हा हॉटेलांचा शिरस्ता तिथेही पाळलेला होता. तुकडे संपले, रस्सा उरला. भातही निम्मा राहिला. प्लास्टिकचे डबे गोळा करून नवरा कचऱ्याच्या बादलीकडे निघाला, तेवढ्यात आईंनी त्याला हटकलं. झाकण उघडून वास घेतला. "यात मटार आणि उकडलेला बटाटा घातला की सकाळची भाजी होते," त्या म्हणाल्या. "आणि त्या भाताला फोडणी," नवरा म्हणाला. मी फळीवरून पालथी वाटी सुलटी केली, रस्सा तिच्यात ओतला आणि मुलीच्या चिकटपट्टीवर तारीख घातली. आठवड्यात पहिल्यांदाच घरातल्या तिघांचं एका बेतावर एकमत झालं होतं, आणि मावळत्या चर्चेचा लाभ घेऊन मी विचारूनच टाकलं, "अहो, सकाळी पोळ्या किती?"

"दोनच," नवरा म्हणाला.