ब्राऊन म्हणजे खरवड

अमेरिकेत बाहेर जेवायला जाणं म्हणजे तोंडी परीक्षा. साधं सँडविच मागितलं तरी काउंटरपलीकडचा मुलगा विचारत सुटतो. पाव कोणता, चीज कोणतं, भाजायचं की नको, कांदा कच्चा की परतलेला, सॉस वर की बाजूला? मी बत्तीस वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. समोरच्याला प्रश्न विचारून हैराण करणं हे तेव्हा माझं काम होतं. त्याची परतफेड नियतीनं केरीत, लेकीच्या गावी, एका सँडविचच्या दुकानात करून घेतली.

त्यामुळे लेक म्हणाली, "आई, शनिवारी लेक्झिंग्टनला बार्बेक्यू खायला जाऊ," तेव्हा मी आधी विचारलं, तिथे किती प्रश्न विचारतात? जावई म्हणाला, "आई, दोनच." तेवढ्यावर मी तयार झाले. यांचं तसं सोपं होतं. हे शाकाहारी. "तुम्ही खा, मी आपला चहा घेईन," म्हणाले. जगात कुठेही चहा मिळतोच, ही यांची साठ वर्षांची श्रद्धा.

आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलाच्या मध्यभागी शेगडी, सळईवर पनीर-अननस, आणि खाल्लेल्यापेक्षा किती खाता येईल याचीच चर्चा, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. नॉर्थ कॅरोलायनात बार्बेक्यू म्हणजे डुक्कर, तेही लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर शिजवलेलं. अंगणातल्या जाळीवर बर्गर भाजला तर तो कुकआउट. त्याला बार्बेक्यू म्हणालात तर इथली माणसं वाद घालत नाहीत, फक्त तुमच्याकडे दयेनं बघतात. कोल्हापुरात तिखट घातलेल्या कुठल्याही पातळ पदार्थाला कुणी तांबडा रस्सा म्हणालं, तर आम्ही जसं बघतो, अगदी तसं.

लेक्झिंग्टन हे वीसेक हजार वस्तीचं गाव, केरीपासून पावणेदोन तासांवर. रस्त्याकडेला रंगवलेले डुकरांचे पुतळे उभे, आणि पावलापावलावर बार्बेक्यूची दुकानं. हे सगळं सुरू झालं कोर्टामुळे. 1919 साली सिड वीव्हर नावाच्या माणसानं कोर्टाच्या समोर तंबू ठोकला आणि तारखांना येणाऱ्या लोकांना तो मांस विकू लागला. थोड्याच दिवसांत जेस स्वाइसगुड यानं शेजारी दुसरा तंबू टाकला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते खरं. पण त्या पायरीवर ताटकळणाऱ्यांना भूक लागतेच, मग ते लेक्झिंग्टन असो की आमचं जिल्हा न्यायालय. आमच्याकडे त्या भुकेतून भज्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या, लेक्झिंग्टनमध्ये एक अख्खा पंथ उभा राहिला.

दुकानाशी गाडी थांबली तेव्हा जावई आम्हाला पुढच्या दारानं न नेता आधी मागे घेऊन गेला. "लाकूड बघू," म्हणाला. मागे हिकरी आणि ओकच्या ओंडक्यांची माझ्या उंचीची रास होती. अनेक दुकानांनी आता गॅस आणि विजेच्या भट्ट्या घेतल्यात, त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक मेन्यूच्या आधी रास बघतं. मला आमचा हायवे आठवला. तिथे 'चुलीवरचं मटण' अशा पाट्यांखाली चूल असते, धूर असतो, नऊवारीतली बाईही असते, आणि मागच्या खोलीत कुकर शिट्ट्या मारत असतो. आपणही मागे जाऊन बघायला हवं, असं वाटलं. मग वाटलं, नको. जेवण गोड लागायचं नाही.

आत शिरताच धुराचा वास आला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत आमच्या घरी चूल होती. आई फुंकणी घेऊन वाकायची आणि डोळे पुसत उठायची. आमच्या घरात गॅस आला त्या दिवशी तिनं सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं होतं. या वासासाठी लोक दोन-दोन तास गाडी हाकत येतात, हे तिला सांगितलं असतं तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

वाढणारी बाई माझ्याच वयाची. तिनं यांच्याकडे बघून विचारलं, "काय आणू, हनी?" पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी यांना नावानंसुद्धा हाक मारलेली नाही. हे लाल झाले, आणि "टी" एवढंच म्हणाले.

दक्षिणेत नुसतं टी म्हटलं की काय येतं, हे यांना कुणी सांगितलं नव्हतं. तांब्याएवढा ग्लास आला. चहा कढत असतानाच त्यात भरपूर साखर विरघळवायची, मग गार करायचा आणि वर बर्फ भरायचा. यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि चमच्यानं बर्फाचा एकेक खडा काढून बशीत रचायला सुरुवात केली. चहा निदान कोमट होईल अशी आशा असावी.

मग दोन प्रश्न आले. पहिला, मांस बारीक कापलेलं हवं की चकत्या? दुसरा जावयानं तिला विचारूच दिला नाही. आधीच हळू आवाजात म्हणाला, "ब्राऊन, असेल तर." ती हसली. या माणसाला कळतंय, असं ते हसू होतं.

बाकी सगळं काल रात्रीच ठरलेलं. लेक्झिंग्टनला अख्खं डुक्कर नसतं, फक्त पुढचा खांदा असतो. लाकडं वेगळ्या जागी जाळायची, निखारे झाले की फावड्यानं मांसाखाली पसरायचे, वर मीठ, आणि दहा-बारा तास वाट बघायची. चरबीचे थेंब निखाऱ्यांवर पडतात, त्यांचा धूर परत मांसालाच लागतो. खांदा हा जनावराचा राबता भाग, त्यामुळे चिवट. घाई केलीत तर चामडं होतं. मंद आचेवर त्यातल्या चिवट धाग्यांचं हळूहळू जिलेटिन होतं. पायाचं सूप गार झाल्यावर वाटीत थरथरतं, ते हेच. स्वयंपाकघरातून दोन सुऱ्यांनी मांस कापण्याचा ठकठक आवाज येत होता. आपण आत्ता भूक लागली म्हणून आलो, पण आपल्यासाठी कुणीतरी काल रात्री आच सांभाळत बसलं होतं. अशा माणसाला 'माझ्यासाठी जरा वेगळं करा' म्हणायला जीभ उचलत नाही. मला हे फार बरं वाटलं. घरी असंच असतं: जे झालंय ते वाढलं जातं.

ताट आलं. मांस, त्यावर सॉस (याला इथे डिप म्हणतात), केचप घातलेली लालसर कोबीची कोशिंबीर आणि हश पपी. हश पपी म्हणजे मक्याच्या पिठाची तळलेली बोंडं. हे त्यावर तुटून पडले. ती कशात तळली आहेत याची चौकशी आम्ही कुणीच केली नाही. काही प्रश्न आपणही विचारू नयेत.

डिपमध्ये व्हिनेगर, मिरची आणि थोडं केचप असतं. या थोड्या केचपवरून या राज्यात दोन तट आहेत. पूर्वेकडचे अख्खं डुक्कर शिजवतात आणि व्हिनेगर-मिरचीवर थांबतात. टोमॅटो म्हणजे त्यांच्या लेखी धर्म बुडाला. पश्चिमेकडच्यांना पूर्वेचं खाणं अर्धवट वाटतं. लेक्झिंग्टनमध्ये 1984 पासून दर ऑक्टोबरात बार्बेक्यूचा महोत्सव भरतो. त्याला राजमान्यता देण्याचा विषय विधिमंडळात गेला, तेव्हा पूर्वेकडच्यांनी डोळे वटारले. अखेर 2007 मध्ये पीडमाँट ट्रायड या भागापुरता 'अधिकृत खाद्य महोत्सव' असा दर्जा मिळाला. अख्ख्या राज्याचा नाही, आणि दर्जाच्या नावात बार्बेक्यूही नाही. ज्या कुणी हा मसुदा लिहिला, त्यानं नक्की एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबात दिवस काढले असणार.

मला यात काही नवल वाटलं नाही. माझा जावई नागपूरचा. लग्न ठरलं तेव्हा पत्रिका जुळली, पण रस्सा जुळला नाही. तो सावजीच्या वर काही मानत नाही. मी त्याला तांबडा-पांढरा करून वाढला, तेव्हा "छान आहे, आई, सौम्य आहे," म्हणाला. आठ वर्षं झाली, तो शब्द मी विसरलेले नाही. लेक्झिंग्टनच्या टेबलावर मात्र आमचं पहिल्यांदा एकमत झालं: डिप चांगलं आहे, तिखट कमी आहे. मला त्यात आणखी काहीतरी ओळखीचं लागत होतं. तिसऱ्या घासाला उलगडलं. बँकेनं मला तीन वर्षं मडगावला टाकलं होतं. तिथे शेजारणीकडून नाताळात सोर्पोतेल यायचं, माडीच्या व्हिनेगरमध्ये मुरलेलं, आणि ती म्हणायची, आज खाऊ नका, परवा खा. डुक्कर आणि आंबट यांची जोडी गोव्यात पोर्तुगीजांमागून आली. इथे ती वेगळ्या वाटेनं आली असेल, पण जिभेला नकाशा कळत नाही.

आजूबाजूला बघत होते. शेजारच्या टेबलावर एक कृष्णवर्णीय कुटुंब, आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत. पलीकडे दोन गोरे ट्रकवाले, एक पोलीस. सगळ्यांची बोटं सारखीच माखलेली. असं एकत्र बसणं सहज मिळालेलं नाही. येताना आम्ही ग्रीन्सबरोवरून आलो होतो. तिथे 1 फेब्रुवारी 1960 ला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर बसले आणि कुणी वाढलं नाही तरी उठले नाहीत. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला ऑलीज नावाचं बार्बेक्यूचं हॉटेल होतं. तिथल्या नोकरांपैकी दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकानं पुडा घेऊन जायचा, आत बसायचं नाही. नवा नागरी हक्क कायदा आपल्याला लागू नाही, म्हणून मालक कोर्टात गेला. 14 डिसेंबर 1964 ला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, लागू आहे. त्यातला एक मुद्दा असा की हॉटेलच्या खाद्यपदार्थांच्या खरेदीतला जवळजवळ निम्मा वाटा दुसऱ्या राज्यांतून आलेल्या मांसाचा होता. म्हणजे हा राज्याराज्यांतला व्यापार झाला, आणि तिथे संसदेचा हात पोहोचतो. माणसाला आत बसायचा हक्क मिळाला, त्यात डुकराच्या प्रवासाचाही वाटा होता. यावर हसू येतं, पण पुरतं येत नाही. माझ्या माहेरच्या गावात चहाच्या टपरीबाहेर खिळ्याला टांगलेली वेगळी कपबशी मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. ती कुणाची, हे विचारल्यावर वडील गप्प बसले होते.

तेवढ्यात ब्राऊन आलं. वेगळ्या छोट्या ताटलीत, मूठभर. खांद्याचा बाहेरचा भाग, आचेला आणि धुराला थेट सामोरा गेलेला: काळपट, चिवट, खारट, कडेला कुरकुरीत. एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हटलं, "अगं, ही तर खरवड!"

बासुंदीच्या पातेल्याला लागलेली खरवड, तूप कढवल्यावर राहिलेली बेरी. आम्ही भावंडं त्यावरून मारामाऱ्या करायचो, पण शेवटी ती आईच्याच वाट्याला यायची. खरवड कुणी मागून घेत नसे. सगळ्यांची पानं उठल्यावर ती उरायची, आणि उरलेलं सगळं बायकांचं. उलथन्यानं पातेलं खरवडत, भिंतीला टेकून, आई ती खायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा असं काही असायचं की मला तिचा हेवा वाटायचा. इथे तीच वस्तू आधी मागून घ्यावी लागते, वेगळ्या ताटलीत येते, आणि पहिल्या गिऱ्हाइकांतच संपते. आमच्या मागून आलेल्या माणसानं विचारलं, तेव्हा बाई म्हणाली, "संपलं, हनी." म्हणजे हनी सगळेच होते. मी यांच्याकडे बघितलं. यांनी नजर चुकवली.

यांचा चहा एव्हाना कोमट झाला होता. बशीत बर्फाचं तळं साचलं होतं. यांनी समाधानानं ग्लास उचलला, तोच बाई जग घेऊन आली आणि हसतमुखानं काठोकाठ भरून गेली, बर्फासकट. इथे चहा पुन्हा भरायचे पैसे लागत नाहीत. त्या दुपारी असं चार वेळा झालं. पाचव्यांदा ती आली तेव्हा यांनी ग्लासवर हात ठेवला. तिला वाटलं, यांचं पोट भरलं. तिनं बिल आणलं.

कधी गेलात, तर अकरापर्यंत पोहोचा आणि बसायच्या आधी ब्राऊन मागा. चहा घरून पिऊन निघा. आणि रविवारी जाऊ नका, बंद असतं.