पेन्शनपुऱ्याचे धावपटू

हिंगोलीत एकेकाळी निजामाच्या फौजेची छावणी होती. फौज गेली, वस्त्यांची नावं राहिली: पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा. यातल्या पहिल्या तीन नावांत काही ना काही धावपळ आहे. काका राहतात चौथ्यात.

असे काका कळमनुरीला आहेत, सेनगावला आहेत, वसमतला तर गल्लीगणिक आहेत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी सरकारी, पोट नोकरीइतकंच कायम. एके दिवशी डॉक्टर तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट बघतात, मग चष्म्यावरून काकांकडे बघतात आणि म्हणतात, "थोडं चालत जा." यातलं 'थोडं'ही काकांना लागतं आणि 'चालत'ही लागतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्यांचं ठरलेलं असतं, की आता पळायचं.

साधा माणूस आधी पळतो, बूट झिजले की नवे घेतो. काका आधी बूट घेतात, तेही नांदेडला जाऊन. हिंगोलीत बूट मिळत नाहीत असं नाही, पण एवढं मोठं काम गावातल्या गावात उरकलं तर ते मोठं वाटत नाही. दुकानातल्या पोरानं "वॉकिंगचे दाखवू का?" असं विचारलं तेव्हा काकांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मुकाट्यानं वरच्या फळीकडे वळला. पोपटी तळव्यांचा जोड घेऊन काका घरी आले. काकूंना किंमत निम्मीच सांगितली. त्या निम्म्या किमतीलाही काकू म्हणाल्या, "फसलात."

घड्याळ पुण्याच्या भाच्यानं दिलं. ते नाडी मोजतं, झोप मोजतं, रक्तातला प्राणवायू मोजतं, दिवसभरात किती मजले चढलात तेही सांगतं. दर तासाला मनगटावर थरथरून 'उठा, हला' असा इशारा देतं. काका खुर्चीतल्या खुर्चीत हात वर करून दोन-चारदा झटकतात. घड्याळाचं समाधान होतं. दिवसाला दहा हजार पावलं झालीच पाहिजेत, असा घड्याळाचा आग्रह असतो. हा आकडा १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीनं आपलं पावलं मोजायचं यंत्र खपवायला पुढे आणला होता, हे काकांना कुठून तरी कळलंय. तेव्हापासून ते त्या आकड्याला मानत नाहीत. दुसरा कुठला आकडाही मानत नाहीत.

मग येते घोषणा. आपण पळणार ही बातमी काकांनी ऑफिसात, मोंढ्यात, साडूच्या घरी आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर अशी फिरवली, की लोक त्यांना रस्त्यात थांबवून "मग, किती किलोमीटर?" असं विचारू लागले. काका म्हणायचे, "सध्या बेस तयार करायलो."

पहिला दिवस मी स्वतः पाहिला. रामलीला मैदान, पहाटे साडेपाच. मैदानावर भरतीची पोरं होती. ही पोरं आसपासच्या खेड्यांतून येऊन खोली करून राहतात, रात्री अभ्यासिकेत बसतात आणि सकाळी मूठभर भिजवलेले हरभरे खाऊन मैदान गाठतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत संपवलं तर वीसपैकी वीस, मग जसजसे सेकंद वाढतील तसतसे मार्क गळतात. पोरं त्या दहा सेकंदांच्या मागे असतात. काका कशाच्या मागे होते ते सांगता येणार नाही, पण फक्कीच्या रेघेवर ते पोरांच्या बरोबरीनं उभे राहिले. बुटाची नाडी त्यांनी तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधली, कारण खाली वाकलं की पोट आडवं येत होतं आणि गाठ दर वेळी एका बाजूला पडत होती.

शिट्टी वाजली आणि पहिल्या शंभर मीटरला काका चक्क पुढे होते. पोरं चार फेऱ्यांचा हिशेब धरून निघाली होती, काका एकाच फेरीचा. अर्ध्या फेरीत डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली कळ आली आणि काकांनी मैदानाच्या कडेला बसकण मारली. दुसऱ्या फेरीला आलेल्या एका पोरानं पळता पळता विचारलं, "काका, पाणी देऊ का?" काकांनी हातानंच 'जा, जा' केलं. बोलायला दम नव्हता. काकांना बोलता येत नाही असं त्या पहाटेआधी कुणी पाहिलं नव्हतं.

नवख्यानं कसं सुरू करावं हे पी.टी.चा कुठलाही मास्तर सांगेल. एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, पुन्हा तेच, आणि एक दिवसाआड. काही आठवड्यांत दम वाढतो, स्नायूही सरावतात, पण स्नायूंच्या टोकाच्या दोऱ्या आणि हाडं यांना तयार व्हायला महिने लागतात. म्हणून दम पुरतोय असं वाटतं तेव्हाच गुडघा धरतो. पण काकांच्या अंगात अजून एक दहावीतला पोरगा राहतो, शाळेच्या गॅदरिंगला शंभर मीटरमध्ये दुसरा आलेला. आजवर गुडघे दुखले ते त्या पोराच्या भरवशावर पळणाऱ्यांचे.

पुढचे दोन दिवस काका जिना आडवे होऊन उतरत होते. पोटऱ्यांवर काकूंनी हळदीचा लेप घातला. "वसमतची हाय," काका मला म्हणाले, "२०२४ ला जीआय मिळालं हिला." जणू ते मानांकन पोटऱ्यांनाच मिळालं होतं.

यानंतर काका पळण्यातून उठले, पण पळण्याच्या विषयातून उठले नाहीत. चहाच्या टपरीवर त्यांच्याइतका जाणकार नव्हता. मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरच का, हे त्यांना तोंडपाठ. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियमात शाही आसनापुढे संपवली, त्यातून हे अंतर आलं. "म्हणजे राजाच्या सोयीसाठी सगळी दुनिया पळायली," असा त्यावर काकांचा शेरा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे हा त्यांचा दुसरा विषय. शेतकऱ्याचं पोरगं, शाळेला पायी जायचं, फौजेत भरती झालं, आणि २०२४ च्या जुलैत पॅरिसला तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम करून आलं. तिसरा विषय परभणीची ज्योती गवते. २०१७ ला मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. इथं काकांचा आवाज चढायचा, "परभणीची म्हंजे आपलीच की! १ मे १९९९ पर्यंत आपण एकाच जिल्ह्यात होतो."

त्या १९९९ वर काकांचा वेगळा राग आहे. जिल्हा झाला नव्हता तोवर प्रत्येक कागदाला परभणी गाठावी लागे, आणि सकाळची एसटी धरायला स्टँडपर्यंत पळावं लागे. काकांचं म्हणणं, तेव्हा त्यांच्या पोटावर वळकटी नव्हती. जिल्हा झाला, कचेऱ्या दारात आल्या आणि पळणं सुटलं. मागासलेपणावर एवढी भाषणं झाली, पण विकासाचा हा तोटा फक्त काकांनीच मांडला.

मधल्या काळात पुन्हा सुरू करायचे मुहूर्त निघत होते आणि टळत होते. उन्हाळ्यात सकाळी सातलाच चटका. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो-किलोनं चिकटते, आणि बूट नांदेडचे. गणपतीत तर विचारूच नका. अनंत चतुर्दशीला चिंतामणीच्या नवसाच्या मोदकासाठी लाखानं माणूस गावात उतरतो, त्या गर्दीत पळणार कुठं? आणि मोदकाला नाही म्हणणार कसं? पाठोपाठ दसरा. हिंगोलीचा दसरा म्हणजे रामलीला मैदानावर प्रदर्शन, पाळणे, भज्यांच्या कढया. "रावण उभा हाय तोवर मैदान मोकळं नाही," काका म्हणायचे. रावण जळाला की दिवाळी. दिवाळी सरली की थंडी, आणि थंडीत स्नायू आखडतात असं त्यांनी वाचलेलं होतं.

एकदा मी म्हटलं, "काका, पळायचं राहू द्या, चालत तरी जा." ते उसळून म्हणाले, "चालण्याला कमी समजू नका. नामदेव महाराज आपल्या नरसीचे. पंजाबात घुमानपर्यंत गेले ते काय पळत?" मुद्दा बिनतोड होता. त्या दिवशी काका चाललेही नाहीत.

फरक पडला तो घड्याळानं. भरतीच्या एका पोरानं टपरीवर ते पाहिलं आणि विचारलं, "काका, याच्यात टायमिंग बरोबर येतं का?" काका दाखवायला म्हणून मैदानावर गेले. दाखवण्याचं काम असलं की त्यांना कधी कंटाळा नसतो. पोरांनी त्यांना रेघेवर उभं केलं, हातात शिट्टी दिली. प्रत्येकाची फेरी मोजायची, सेकंद ओरडून सांगायचे, वहीत लिहायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला दारावर थाप पडली. "काका, उठा, टायमिंग घ्यायचंय." मनाला काहीही सांगता येतं, घड्याळापुढे नुसता हात झटकला तरी भागतं, पण दारात उभ्या असलेल्या पोराला 'आज थंडी आहे' म्हणून सांगणार कसं? त्यानं अंगात फाटका बनियन घातलेला. शिवाय आतून काकूंचा आवाज, "अहो, लेकरं थांबलीत." सुविचारांच्या स्टेटसवर माझा पूर्वीही फारसा विश्वास नव्हता. तिथं काका रोज उठायला लागले आणि उरलासुरलाही गेला.

शिट्टीवाले काका धावपटू कसे झाले ते मात्र त्यांनाही कळलं नाही. १६०० मीटर संपले की पोरं लगेच बसत नाहीत, अंग निवायला एक-दोन फेऱ्या सावकाश मारतात. एका पोरानं जाता जाता विचारलं, "काका, तिसऱ्या फेरीत माझे सेकंद कामून वाढले?" प्रश्नाला उत्तर होतं, आणि काकांची उत्तरं जागच्या जागी संपत नाहीत. पोरगं थांबेना, म्हणून काका त्याच्या बाजूनं निघाले. तिसऱ्या फेरीवरून ते साबळेवर आले, साबळेवरून विंडसरच्या राजवाड्यावर, तिथून परभणीच्या एसटीवर. एसटी सुटेपर्यंत फेरी संपली होती आणि काका ती पूर्ण पळाले होते.

नवख्यासाठी जाणत्यांचा एक साधा नियम आहे. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त झाला, कमी करा. भल्याभल्यांना हे जमत नाही, जोरात पळण्याची हौस आडवी येते. काकांना पूर्ण वाक्याची अडचण कधीच नव्हती, त्यांची अडचण पूर्णविरामाची. त्यामुळे वेग आपोआप राहिला. फेरीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. पोपटी तळवे पहिल्यांदा मळले. डॉक्टरांनी पुढचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि गोळी अर्धी केली. काय करता असं विचारल्यावर काकांनी ते इतकं सविस्तर सांगितलं, की बाहेरच्या पेशंटांनी दार वाजवलं.

हाल झाले ते पोरांचे. रोज कुणाला तरी काकांबरोबर पळावं लागायचं, आणि एसटी रोज परभणीला जायची. मग पोरांनी आपसांत कायदा केला. ज्याचं टायमिंग सगळ्यांत खराब, त्यानं त्या दिवशी काकांसोबत चार फेऱ्या मारायच्या. सेनगावकडची एक पोरगी ८०० मीटरची तयारी करत होती. दोन दिवस लागोपाठ पाळी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती अशी सुटली की काकांना घड्याळ दाबायची आठवण राहिली नाही. महिनाभरात सगळ्यांचेच सेकंद उतरले.

काका वही घेऊन टपरीवर आले आणि आकडे सगळ्यांना दाखवले. "पोरांत दम होताच," ते म्हणाले, "निस्तं मार्गदर्शन कमी पडायलं होतं. आता वेळ वाढवतो मी. चारच्या सहा फेऱ्या."

मागच्या बाकावर चहा पिणारी दोन पोरं कप अर्धा टाकून उठली आणि भर दुपारी, भर उन्हात, मैदानाकडे पळत सुटली.