लोअर आर्मच्या मागच्या बुशास अनावृत पत्र

बुशा,

'सा. न. वि. वि.' असा मायना तुला लिहिणार नाही. नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस. माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक जागेवर धरून ठेवणं एवढंच तुझं काम होतं. आठ महिने तू आतून फाटलेला होतास आणि वरून शाबूत असल्याचा आव आणत होतास.

गाडी दोन दारांची, दोन सीटची, 2007 सालची. ताम्हिणी घाटात ती काय बोलायची, ते तुला सांगतो, कारण तो आवाज तूच दाबलास. वळणात शिरलं की स्टिअरिंग हातात हळूहळू जड होत जायचं. कुठे नवं डांबर आहे, कुठे खडी सुटली आहे, कुठे डोंगरातून पाणी झिरपतंय, हे डोळ्यांआधी बोटांना कळायचं. मग हे सगळं विरत गेलं. स्टिअरिंग वळवल्यावर गाडीचं नाक क्षणभर विचार केल्यासारखं थांबायचं. सरळ रस्त्यावरही हात सतत डावं-उजवं सावरत राहायचे. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे सरकायची आणि ॲक्सिलरेटर दिला की परत यायची.

तुझ्या पापाची शिक्षा किती जणांना झाली, ते ऐक. आधी टायर बदलले. मग व्हील अलाइनमेंट दोनदा केलं. शेवटी एका वर्कशॉपने 'स्टिअरिंगचा रॅक गेला' असा निकाल दिला आणि लाखाच्या घरातलं अंदाजपत्रक हातात ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या रॅकच्या किमतीपुढे तुझी किंमत पासंगालाही पुरत नाही, आणि तरी त्याला सुळावर चढवताना तू खाली गप्प बसून होतास. तुला 'सायलेंट ब्लॉक' असंही म्हणतात. ते नाव तू फारच मनावर घेतलंस.

अलाइनमेंटच्या कागदावर सगळे आकडे दोन्ही वेळा हिरवे आले, यातच तुझी खरी लबाडी आहे. त्या यंत्रावर गाडी उभी असते. उभ्या गाडीत तू शहाण्यासारखा जागेवर असतोस. ब्रेक लागला, चाक मागे रेटलं गेलं, की फाटलेलं रबर मोकळं सुटतं, आर्म मागे सरकतो, आणि टो आणि कॅस्टर हे चाकाचे कोन त्या क्षणापुरते बदलतात. उभ्या गाडीची साक्ष तुझ्या बाबतीत कुचकामी आहे. तुझा गुन्हा फक्त भाराखाली दिसतो.

दुसरा आडोसा तुला लोकांनीच दिला. स्टिअरिंग मुकं झालं की हल्ली सगळे विजेच्या पॉवर स्टिअरिंगकडे बोट दाखवतात. 2011 साली पोर्शे 911ची 991 ही पिढी विजेचं स्टिअरिंग घेऊन आली, तेव्हा जगभरच्या शौकिनांनी याच कारणासाठी नाराजी दाखवली. त्या वादात तथ्य असेलही. पण जन्मापासून कमी बोलणारं स्टिअरिंग वेगळं आणि बोलता बोलता वाचा गेलेलं वेगळं. माझ्या गाडीचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे आणि ते नीट बोलत होतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायला हवा होता: हे आधीपासून असं होतं, की होत गेलं? होत गेलं असेल, तर काहीतरी झिजलं आहे.

अखेर तुझा माग एका जुन्या मिस्त्रींनी काढला. त्यांनी एकही सुटा भाग मागवला नाही. 'सैल आहे की मुकं आहे, ते आधी ठरवू,' म्हणाले. मुकं असेल तर आधी थंड टायरमधली हवा मोजायची आणि टायरचं वय बघायचं. टायरच्या कडेवर 2319 असं कोरलं असेल, तर तो 2019च्या 23व्या आठवड्यातला. रबर जुनं आणि टणक झालं असेल, तर बोटांपर्यंत काही पोहोचत नाही. सैल असेल तर प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, शोधायचा. माझं सैल निघालं. गाडी जॅकवर घेऊन चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून हलवलं. टाय रॉड आणि रॅक निर्दोष सुटले. मग बारा आणि सहावर धरून हलवलं. तिथे प्ले सापडला असता, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. तोही नव्हता. कॅलिपर चिकटलेला नाही, हेही पाहून झालं.

मग त्यांनी आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये पहार घातली आणि हलकेच रेटली. तू उघडा पडलास. बाहेरून एक बारीकशी चीर, आणि आत रबर मधल्या धातूच्या नळीपासून जवळपास अर्ध्या घेरात सुटलेलं. पाच मिनिटं लागली. आठ महिन्यांचं कोडं, एक पहार आणि पाच मिनिटं.

मला राग पैशांचा कमी आहे. वळणात टायर रस्ता घट्ट धरतो तेव्हा तो सरळ व्हायला धडपडत असतो, आणि तीच धडपड हाताला जडपणा म्हणून जाणवते. पकड संपत आली की हा जडपणा आधी उतरतो, पकड नंतर सुटते. त्या दोहोंमधल्या निमिषात स्टिअरिंग सांगतं, 'आता पुरे.' पावसाळ्यातल्या घाटात माणूस या एका इशाऱ्यावर विसंबून असतो. तू तो इशारा मधल्या मध्ये गिळत होतास. यासाठी तुला माफी नाही.

तू झिजलास म्हणून मी तुला दोष देत नाही. रबर आहे, उष्णता, तेल आणि आपले खड्डे त्याला खातातच. तू कधीतरी जाणारच होतास. पण जाताना आवाज करायचा होतास. इतर भाग कुरकुरतात, खडखडतात, ठोके देतात. तू शेवटपर्यंत दुसऱ्यांवर आळ येऊ दिलास.

तुझ्या जागी नवा बुश आला आहे. उजव्या बाजूचा तुझा भाऊही सोबतच बदलला, कारण दोघांनी सारखेच खड्डे खाल्ले होते. तू दीर्घकाळ का टिकला नाहीस, त्याचं एक कारणही मिस्त्रींनी दाखवलं. तू घसरत नाहीस, पिळवटतोस. रबर दोन्ही बाजूंनी धातूला चिकटवलेलं असतं. म्हणून तुझा बोल्ट गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाखाली उभी असतानाच शेवटचा आवळायचा असतो. चाकं लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मागच्या वेळी तुला असंच बसवलं असणार. तेवढा एक मुद्दा तुझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

आणि वाचकहो, हे पत्र अनावृत लिहिलं ते तुमच्यासाठी. तुमची गाडी स्पोर्ट्स कार असो की रोजची हॅचबॅक, स्टिअरिंग सैल वाटलं तर रॅकच्या अंदाजपत्रकावर सही करू नका. आधी हवा आणि टायर, मग जॅक, मग पहार, अशा क्रमाने जा. बुश बदलला तर बोल्ट चाकांवर उभ्या गाडीत आवळला का, हे स्वतः उभं राहून बघा, आणि अलाइनमेंट त्यानंतरच करा. क्रम चुकला की निरपराध भाग बदलले जातात, आणि दोषी भाग गाडीतच राहतो.