लेन्स जोडलेली नाही

कॅमेऱ्याच्या तोंडावर पाव किलोच्या आसपास वजनाची रशियन लेन्स घट्ट बसलेली असते आणि पडद्यावर निर्विकार अक्षरं उमटतात : लेन्स जोडलेली नाही. पेन्शनच्या खिडकीशी साक्षात उभ्या असलेल्या आजोबांकडे हयातीचा दाखला मागावा, तसला प्रकार. माझ्या हेलिओस ४४-२ कडे दाखला नाही. चिप नाही, विजेचे ठिपके नाहीत. बुडाशी ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे तेवढे आहेत. मग मेन्यूत शिरून ‘लेन्स नसली तरी फोटो काढ’ अशी परवानगी आपणच द्यायची.

या दोघांची गाठ घालतो तो अडॅप्टर. जुन्या एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये हलता आरसा असे, त्याला जागा हवी म्हणून या आट्यांच्या लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसत. आता आरसा गेला, सोनीच्या ई-माउंटमध्ये ते अंतर १८ वर आलं. मधलं अंतर भरून काढणारं कडं हौसेनं उघडून पाहिलं, तर आत काहीही नाही. निखळ पोकळी, आणि तिचे पैसे! पण पोकळीही मापात लागते. कडं जरा जाड निघालं की लांबचा डोंगर कधीच स्पष्ट होत नाही.

फोटो काढणं हा सावकाशीचा कार्यक्रम आहे. हेलिओसला अ‍ॅपर्चरची दोन कडी. एकावर आकडा ठरवायचा, दुसरं पूर्ण उघडून फोकस जुळवायचा आणि मग ते ठरल्या आकड्यापर्यंत मिटायचं. पडद्यावर पापण्यांच्या कडेला लाल रेघ चमकली की जमलं. तोवर लहान मूल फ्रेमबाहेर गेलेलं असतं. म्हणून माझ्या संग्रहात झोपलेली मांजरं आणि जेवून बसलेले काका फार.

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं, तर मागची पानं गोलगोल फिरल्यासारखी दिसतात. झाइसच्या ज्या बायोटारवरून ही लेन्स बेतली, तिच्याकडूनच आलेला हा दोष. हल्ली त्याला ‘कॅरेक्टर’ म्हणतात आणि त्यापायी किंमत चढते. मला विचाराल तर दोषच आहे, पण आवडतो.

पेंटॅक्सच्या जुन्या ५० मिलिमीटर टाकुमारची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या काही आवृत्त्यांच्या काचेत थोरियम आहे. त्याच्या किरणोत्सर्गानं काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते आणि उन्हात ठेवली की निवळते. त्यामुळे मे महिन्यात आमच्या गच्चीवर पापडांशेजारी एक लेन्सही वाळत असते. राखणीचं काम माझ्याकडे. कावळ्यांना दोन्हींत रस.

परवा मावशीचा फोटो काढत होतो. कडी फिरवता फिरवता तिचं हसू दोनदा आलं आणि मावळलं.

“झाला का रे?”

“झाला.”

“दाखवू नकोस आत्ता,” ती पदर सारखा करत म्हणाली, “जुना कॅमेरा आहे ना? सावकाश धुऊन आण. आणि दोन कॉप्या काढ, एक तुझ्या काकांना.”