मधला माणूस

माझे मामेसासरे पुण्याच्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे अडते होते. 'होते' म्हणायचं ते व्याकरणापुरतं. गाळा मुलाच्या हवाली करून त्यांना आठ वर्षं झाली, पण अडत अंगातून गेलेली नाही. घरात मी बायकोकडे चहा मागितला, तर मामा मधे पडतात. "पोरी, जावईबापू चहा म्हणतायत. तू काय म्हणतेस?" ती म्हणते, आत्ताच तर झाला. मग मामा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघून अर्ध्या कपावर मांडवली करतात. चहा येतो तेव्हा त्यातला दोन घोट चहा मामांच्या बशीत गेलेला असतो.

गेल्या ऑगस्टमध्ये मामा आणि मामी आमच्याकडे कॅनडात आले. आम्ही व्हिक्टोरियाला राहतो. इथली बाग, तिथला किल्ला, देवमासे दाखवणारी बोट असं सगळं झालं. मामींनी सगळीकडे "छान आहे हो" म्हटलं, मामा सगळीकडे घड्याळ बघत राहिले. शेवटी बायको म्हणाली, त्यांना बाजार दाखवा. म्हणून एका शनिवारी सकाळी आम्ही स्वार्ट्झ बेला गाडी बोटीत चढवली. तिथून पस्तीस मिनिटांत साल्ट स्प्रिंग बेटाचं फुलफर्ड बंदर येतं.

बोटीवर मामांनी चौकशी सुरू केली.

"आवक कशी असते?"

बेटाची वस्ती साडेअकरा हजारांच्या आसपास. मेंढ्या आहेत, सफरचंदाच्या शेकडो जाती आहेत, बकरीच्या दुधाचं चीज आहे, आणि एप्रिल ते ऑक्टोबर दर शनिवारी गँजेस गावाच्या बागेत बाजार भरतो. शंभरावर गाळे लागतात, असं मी सांगितलं.

"बरं. आणि अडते किती?"

मी नियम सांगितला. इथं जो विकतो त्यानं तो माल स्वतः पिकवलेला, भाजलेला नाहीतर घडवलेला असावा लागतो. दुसऱ्याचा माल आणून विकायला मनाई आहे.

"ते कळलं हो. पण मधे कोण?"

"मधे कोणी नाही, मामा."

मामा समुद्राकडे बघत राहिले. माझ्या अंदाजानं त्या बोटीवर एवढ्या दुःखानं समुद्राकडे बघणारा दुसरा माणूस नव्हता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मग भांडण झालं तर शेतकरी शिव्या कुणाला देतो?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. 2016 साली सरकारनं भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम केला, तेव्हा मामांना पैशापेक्षा या गोष्टीचं वाईट वाटलं होतं. पट्टीत अडत कापली की शेतकरी निदान समोर बसून भांडायचा, चहा प्यायचा, मुलीच्या लग्नाला उचल मागायचा. त्या भांडणात चाळीस वर्षांची ओळख होती, असं मामांचं म्हणणं. यातलं किती खरं आणि किती अडत्याचं, हे शेतकऱ्यालाही विचारायला हवं. पण मामा म्हणतात तेव्हा खरं वाटतं.

गँजेसच्या पाटीशी त्यांना थोडी उभारी आली. या गावाला नाव मिळालं ते 'गँजेस' नावाच्या ब्रिटिश आरमारी जहाजावरून, आणि ते जहाज 1821 साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं. हे मी सहज सांगितलं आणि चूक केली.

"गोदी आपली, सागवान आपलं," मामा शर्टाची बाही सरसावत म्हणाले. "म्हणजे एका गाळ्यावर तरी हक्क पोचतो."

बाजारात मामांना घ्यायचं काहीच नव्हतं. अडत्याला माल नको असतो, सौदा हवा असतो. ते हात मागे बांधून फिरले, एका ठिकाणी लहान कांदे बघून "गोल्टी" असा निकाल दिला, आणि एका पाववाल्यासमोर थांबले. पाव चांगला उठत होता. शेजारच्या गाळ्यावर एक बाई चीज घेऊन बसली होती, तिच्याकडे गिऱ्हाईक तुरळक. मामांचे डोळे चमकले. त्यांनी पाववाल्याला सांगितलं, हिचं चीज तुझ्या पावावर चाखायला ठेव. मग बाईकडे जाऊन तिला सांगितलं, तो तयार आहे, तू भाव सांभाळून घे. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला बाई हसून म्हणाली, तो माझा नवराच आहे.

मी ओशाळलो. मामा नाही. "मग तर मधे माणूस हवाच," ते म्हणाले.

पुढे लसूणवाला होता. पांढरी दाढी, गॅलिस लावलेली विजार, चेहऱ्यावर शांती. मामांनी एक गड्डी उचलली, वास घेतला, पाकळी दाबून पाहिली आणि खिशातून मोठा हातरुमाल काढला. माझ्या पोटात गोळा आला. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत त्यांच्या हातात अजून आहे. भाव दोघांनाच कळतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. इथं भाव पाटीवर लिहिलेला होता, गड्डीला तीन डॉलर, तो दहा पावलांवरून वाचता येत होता. तरी मामांनी त्याचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि दोन बोटं दाबली.

लसूणवाल्यानं डोळे मिटून घेतले. या बेटावर योगवाले पुष्कळ आहेत. अनोळखी माणसानं हात धरला तर इथं कोणी दचकत नाही, श्वास लांब घेतो. मिनिटभर दोघं तसेच उभे. मग त्यानं डोळे उघडले, खूप बरं वाटलं म्हणाला आणि एक गड्डी फुकट दिली.

"उठला सौदा," मामा म्हणाले.

चहा पिताना मी आणखी एक माहिती दिली. या बेटानं 2001 साली स्वतःच्या नोटा काढल्या होत्या, एका कॅनडियन डॉलरला एक या भावानं. आणि बेटाला नगरपालिका हवी का, असं 2017 साली मतदान घेतलं तेव्हा लोकांनी नको म्हटलं. मामांनी कपाळाला हात लावला. "नोटा स्वतःच्या, नगरपालिका नाही, बाजार समिती नाही. हे गाव चालतं कुणाच्या भरवशावर?"

त्याचं उत्तर परतीच्या वाटेवर मिळालं. या बेटावर रस्त्याकडेला शेतकऱ्यांच्या छोट्या टपऱ्या असतात. माल मांडलेला, भाव लिहिलेला, शेजारी पैशाची पेटी. माणूस नसतो. आपण माल घ्यायचा, पैसे टाकायचे, जायचं. अशा एका टपरीपाशी मी गाडी थांबवली. मामा उतरले, त्यांनी टपरीच्या मागे डोकावून पाहिलं, झुडपात पाहिलं, हाका मारल्या. कोणी नव्हतं. बाजारात मधला माणूस नव्हता, इथं विकणाराही नव्हता. हे मात्र त्यांना सोसवेना. ते फळीच्या मागे जाऊन उभे राहिले.

पुढचा पाऊण तास मी आणि मामी गाडीत बसून होतो. गाड्या थांबत होत्या. मामांनी गाजराच्या तीन जुड्या विकल्या, चार डॉलरनं. केलच्या तीन जुड्या विकल्या, त्याही चारनं. अंड्यांचं एक डझन आठ डॉलरला गेलं. शेवटचं डझन उरलं तेव्हा दोन गाड्या एकदम आल्या, आणि मामांनी लिलाव पुकारला. इंग्रजी आकडे, मराठी आवाज. आठवरून बोली दहावर गेली. हरलेल्या बाईनंसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी माझ्याकडून पेन आणि कागद घेऊन पट्टी लिहिली. तारीख, जिन्नस, नग, भाव, जमा डॉलर बेचाळीस. खाली रेघ मारून: अडत, गाजर जुडी एक. सगळे पैसे पेटीत घातले, पट्टी वर ठेवली, गाजराची जुडी काखेत मारली आणि गाडीत येऊन बसले.

मी गुपचूप उतरून जुडीचे चार डॉलर पेटीत टाकले. मामांनी आरशातून पाहिलंच. "बघा," ते मामींना म्हणाले, "शेवटी अडत जावईबापूंच्याच अंगावर. सरकारचं बरोबर होतं म्हणायचं."

बोटीच्या रांगेत मी मनात हिशोब केला. बेचाळीसवर चार म्हणजे शेकडा साडेनऊ. मामा जन्मभर सांगत आले की भाजीपाल्याला शेकडा सहाच्या वर अडत घेणं पाप. मी तसं त्यांना विचारलं.

"तोलाई धरून," मामा गाजर खात म्हणाले.

त्या टपरीवर सगळा माल नगावर होता. काटा नव्हताच.